गुंतवळीची निवडणावळ

अर्जदाराचे नाव: श्रीमती अंबिका जितेश भोईर. वय: अडतीस वर्षे पूर्ण. पत्ता: खारी गाव, भाईंदर (पूर्व). शिक्षण: नववी उत्तीर्ण, दहावीस अनुपस्थित. व्यवसायाचा प्रकार: इतर. व्यवसायाचे वर्णन (वीस शब्दांच्या आत): ग्राहकाच्या मस्तकावर ग्राहकाने स्वतः पुरविलेले अथवा अन्य मार्गाने उपलब्ध झालेले केस बसविणे. कच्च्या मालाचा स्रोत: ग्राहक. यंत्रसामग्री: पक्कड एक, कंगवे चार. कौशल्याचा पुरावा: जोडलेला नाही. वर्गवारी: अकुशल.

हा अर्ज मी भरला. एकतीस वर्षं सरकारी परिपत्रकांचं मराठी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरं काही जमत नाही, आणि जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वयंरोजगाराच्या कुठल्याशा योजनेचा कागद होता. वर्गवारीपुढे दोन चौकोन होते: कुशल (प्रमाणपत्र जोडावे) आणि अकुशल. प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

‘काका, अकुशल म्हणजे?’

‘म्हणजे प्रमाणपत्र नाही.’

‘मग बरोबर आहे,’ अंबिका म्हणाली आणि कामाला लागली.

आमच्या तळमजल्यावर हेमालीबेनचं युनिसेक्स सलून आहे. युनिसेक्स म्हणजे पुरुषांना दारातल्या बाकावर बसून पेपर वाचायची मुभा आहे. आत तीन खुर्च्या. त्यातली काचेला लागून असलेली तिसरी खुर्ची अंबिकाची. ती पगारी नाही; दिवसाचे चारशे रुपये खुर्चीचं भाडं भरते आणि आपलं गिऱ्हाईक आपण करते. चारशे रुपये खुर्चीचे नसून उजेडाचे आहेत, असं तिचं म्हणणं. खारीतल्या तिच्या घराच्या खिडकीपुढे इमारत उभी राहिली आहे, इतकी जवळ की समोरच्यांच्या कुकरची शिटी झाली की अंबिका आपला गॅस बंद करायला उठते. तिथे भर दुपारी ट्यूबलाइट लागते, आणि ट्यूबलाइटमध्ये काळा केस आणि तपकिरी केस सारखेच दिसतात. या काचेतून चार वाजेपर्यंत खरा उजेड येतो. ही खुर्ची गेली की उजेड जातो, आणि उजेड गेला की धंदा.

तिचं काम काय, ते सांगतो. मलाही आधी माहीत नव्हतं. ज्यांचे केस विरळ किंवा आखूड, त्यांच्या केसांत वेगळ्या केसांच्या बटा जोडायच्या. डोक्यावरचे मोजके केस आणि जोडायची बट, दोन्ही ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा तांब्याच्या रिंगेतून ओवायचे आणि पक्कडीने रिंग दाबायची. जास्त दाबली तर केस तुटतो, कमी दाबली तर बट जेवणाच्या ताटात पडते. हे अंबिका अंधेरीच्या एका सलूनमध्ये सात वर्षं हेल्पर म्हणून फरशी झाडता झाडता शिकली. निदान ती तसं सांगते. मला विचाराल तर ती ते त्याच्या कितीतरी आधी, भाईंदर गावात वडिलांच्या पुढ्यात बसून शिकली असावी. तिचे वडील काशीनाथ खाडीतली मासळी कमी झाल्यावर लोकांची फाटलेली जाळी दुरुस्त करायचे. जाळं गिऱ्हाइकाचं, गाठ यांची. जाळं हातात घेतलं की आधी त्याचा एक धागा दातांत धरून ओढायचे. धागा कुजका निघाला तर जाळं परत. ‘नवीन गाठ टिकंल,’ म्हणायचे, ‘बाजूचं सगलं जाईल, आणि लोक बोलतील काशीनाथची गाठ सुटली.’

आता दराचं. हेमालीबेनकडे केसांची पाकिटं विकायला असतात. ती घेतली की केसांची किंमत आणि बसवायची मजुरी एकत्र लागते. हॉटेलच्या थाळीत कांदा-लिंबू असतं तशी मजुरी त्यात कुठेतरी असते आणि कुणी विचारत नाही. पण गिऱ्हाईक स्वतःचे केस घेऊन आलं की ताटात नुसता कांदा उरतो, आणि त्याचे पैसे द्यायला माणसाला जिवावर येतं.

‘केस तर माझेच आहेत! नुसते लावायचे तर आहेत.’ हे वाक्य मी त्या बाकावरून निदान चाळीस वेळा ऐकलं असेल. ‘नुसतं’ हा मराठीतला फार महागडा शब्द आहे. वापरणाऱ्याला काही पडत नाही, एवढंच.

अंबिकाने स्वतःचे केस आणणाऱ्यांसाठी एकच दर ठरवला होता, रिंगेला पंचवीस रुपये. केस कसेही असोत. बोर्ड मी लिहून दिला होता: ‘ग्राहकाने स्वतः पुरविलेले केस: प्रति रिंग रु. २५/-’. त्यातल्या ‘प्रति’वर मी खूश होतो. दर चुकीचा आहे हे मलाही कळलं नाही, तिलाही नाही.

पहिला दणका हिनाने दिला. हिना आमच्या मागच्या इमारतीत राहते, कुठल्या तरी बँकेच्या फोनवर बसते. तिने ऑनलाइन केस मागवले, ‘शंभर टक्के मानवी’. अंबिकाने साठ रिंगा लावल्या, पंधराशे घेतले. हिना तीन आठवड्यांनी आली तेव्हा तिच्या मानेवर केस एकमेकांत गुंतून असा घट्ट नमदा झाला होता की त्यात खोचलेला कंगवा आपोआप उभा राहत होता.

‘हेमालीजी, आपके यहाँ हुआ है ये! मैं रिव्ह्यू डालूँगी, फोटो के साथ!’

दोष केसांचा होता. केसावर माशासारखे खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. सगळे केस एका दिशेने लावले तर ते एकमेकांवरून निसटतात. निम्मे उलटे लागले तर खवल्यात खवले अडकतात आणि नमदा होतो. स्वस्त पाकिटातले केस वेगवेगळ्या डोक्यांचे, जमिनीवरून गोळा केलेले, उलटसुलट. हे हिनाला पटवायला खवले दाखवावे लागले असते. हेमालीबेनने पंधराशे रुपये परत केले, नमदा कापून काढला आणि हिना गेल्यावर अंबिकाला सांगितलं, ‘बघ अंबिका, बाहेर नाव माझं आहे. आता ओन-हेअरची एक पण कंप्लेंट आली ना, महिन्याच्या आत काय पण झालं, तर खुर्ची सोड. सॉरी. मला आवडत नाय असं बोलायला.’ खरंच आवडलं नसावं, कारण नंतर तिने दोन चहा मागवले.

या गोष्टीला दोन आठवडे झाले असतील. एका सोमवारी सकाळी गोदूबाई आली.

गोदूबाई म्हणजे अंबिकाच्या माहेरची शेजारीण. वय अडुसष्ट. चाळीसेक वर्षं मासळी बाजारात बसलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात सोनं, आणि आवाज असा की पलीकडच्या मेडिकलमधला माणूस औषध काढता काढता थांबला. कोळणीच्या डोक्यावर अंबाडा लागतो आणि अंबाड्यावर वेणी लागते. गोदूबाईच्या डोक्यावर आता सुपारीएवढी गाठ उरली होती. तिच्यावर वेणी माळली तर वेणीलाच आधाराची गरज पडली असती.

‘काय गो अंबे, डोकं भरायला काय घेतेस?’ दारातूनच. ‘साईराजची हळद हाय, दहा दिसांवर. माजा नातू. केस माजे हाईत, घरचे.’

अंबिकाने लांबूनच डोकं बघितलं. ‘चोवीस रिंगा लागतील, मावशी. सहाशे.’

‘बरं.’

सौदा मिटायला चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग गोदूबाईने काखेतली कापडी पिशवी आरशापुढच्या फळीवर कलती केली.

आतून गुंतवळ पडली. विंचरताना कंगव्यात येतात ते केस, बोटाभोवती गुंडाळून केलेली भेंडोळी. शेकडो. हजार असतील. वरची थोडी पडली, तरी पिशवी भरलेलीच होती.

‘बत्तीस वर्सांची हाय,’ गोदूबाई म्हणाली. ‘ती भांडीवाली यायची ना, केसांवर भांडी देनारी? मना मोटा टोप पायजे होता. पाव किलो केस दे बोलली. जमवता जमवता ती रांडच यायची बंद झाली.’

‘अरे बाप रे,’ हेमालीबेन आतून धावत आली. ‘अंबिका, ये क्या कचरा है?’

‘कचरा कोनाला बोलते ही?’

‘दुकानातल्या पाकिटांना, मावशी,’ अंबिका म्हणाली.

हेमालीबेनने तिला बाजूला, म्हणजे माझ्या बाकापाशी, घेतलं. ‘तुला माहितीय ना मी काय बोलले?’

‘माहितीय.’

‘हे तर पाकिटाच्या पण खालचं आहे. यात सीधा केस एक पण नसेल. महिन्यात नमदा होणार.’

‘मी सहाशे बोलले, हेमालीबेन.’

‘तो क्या हुआ? नाही बोल!’

‘बोलले ना मी,’ अंबिका म्हणाली. हेमालीबेनला ते समजलं नाही. मला थोडं समजलं. भाईंदर गावच्या बाजारात घासाघीस तासभर चालेल; पण एकदा ‘बरं’ म्हटलं की टोपलीत काहीही निघो, दर फिरत नाही. फिरवला तर उद्यापासून तिथे बसायचं नाही. अंबिका तिथे बसत नव्हती. तरी गोदूबाईला परत पाठवलं असतं तर माहेरच्या गल्लीत जाता आलं नसतं. आणि नाही पाठवलं तर खुर्ची.

ती खुर्चीत बसली आणि भेंडोळी एकेक करून उचलायला लागली.

पुढचे चार दिवस मी पेपर वाचला नाही.

पहिल्या दिवशी तिने भेंडोळी जशी पिशवीत होती तशी, थर न मोडता, टॉवेलवर मांडली. गोदूबाईने बत्तीस वर्षं वरून टाकलं होतं, खालचं कधी हलवलं नव्हतं. सगळ्यात तळाला काळेभोर केस, जाड, लांब, अंगठ्यावर ताण देऊन बघावेत असे. त्यावर काळ्यात एखादा पांढरा. मग मीठ-मिरी. मग चांदी, बारीक होत गेलेली, आखूड. माणसाचं वय कागदावर दोन आकड्यांत लिहितात. मी स्वतः हजारो वेळा लिहिलं आहे. ते एका टॉवेलवर असं आडवं पसरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. हेमालीबेनचं गिऱ्हाईक मेंदी लावलेल्या डोक्याने उठून येऊन बघून गेलं.

मधे एका जागी थर एकदम फुगला होता. भेंडोळी दाट, मोठी, नुसती केसांची मूठ.

‘मावशी, इथे काय झालं होतं? एकदम जास्त आहेत.’

गोदूबाईने वाकून बघितलं. ‘हे गेले तवाचे.’ एक भेंडोळं मुठीत धरून म्हणाली, ‘वर्सभर कंगवा भरून यायचा.’

‘हे नको घेऊ?’

‘का नको? घे. लांब हाईत.’

कुठल्या थरातून घ्यायचे यावरून वाद झाला. गोदूबाईला तळातले काळेच पाहिजे होते.

‘काळे लावले तर हळदीत सगळे बोलतील, गोदूने इकत आनले,’ अंबिका म्हणाली. माहेरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा आपोआप तिकडे सरकते. ‘मधले लावले तर बोलतील, अजून हाईत हिचे.’

गोदूबाईने बोटाने मधला थर दाखवला.

दुसऱ्या दिवशी तिने निवडलेला थर कोमट पाण्यात सोडवून सुकवला आणि खऱ्या कामाला हात घातला. मांडीवर अर्धा पांढरा टॉवेल, अर्धा काळा एप्रन. काळा केस पांढऱ्यावर, पांढरा केस काळ्यावर. एक केस उचलायचा. अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि बोटं एकमेकांवर घासायची, पुढे-मागे, हलकी. केस सरकतो. बोटांतून हळूहळू एका बाजूला चालायला लागतो, आणि ज्या बाजूला चालतो ती बाजू मुळाची. खवले त्याला उलटं जाऊ देत नाहीत.

मी ते बघत बसलो. वीस वर्षांपूर्वी भाईंदर गावातल्या एका स्वयंपाकघरात कंगव्यात अडकलेला केस, मूळ झिजलेलं, टोक तुटलेलं, दोन्ही टोकं सारखी. तो कुणाचा आणि कधीचा हे आता त्या केसालाही माहीत नसणार. पण मूळ कुठल्या बाजूला होतं हे तो विसरलेला नव्हता. बोटांत धरला की तिकडे चालायला लागायचा. मूळ डावीकडे ठेवून अंबिका तो खाली ठेवायची आणि पुढचा उचलायची. आठ सेकंद. पुन्हा आठ सेकंद. आखूड असला, फाटका असला तर फुंकर मारून सोडून द्यायची.

‘मी करून बघू?’ मी विचारलं.

पाच मिनिटांत माझे दोन केस झाले. तिने दोन्ही बोटांतून फिरवून बघितले आणि एक उलटा केला.

‘पहिल्याला बरोबर आलं की,’ ती म्हणाली. एकतीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

एकशे नव्वद केस जमले की त्यांची मुळं जुळवून ती बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची. जाळ्याची गाठ, वडिलांची. बांधली की त्यातला एक केस दातांत धरून ओढायची. अशी एक बट. अशा चोवीस करायच्या होत्या. सकाळी दहा ते दुपारी चार, उजेड असेतो. चार वाजता ती टॉवेलची चारही टोकं उचलायची, गाठ मारायची आणि घरी जायची. घरी एकही केस नेला नाही. ‘ट्यूबलाइटमध्ये पांढरा दिसत नाही,’ म्हणायची. त्या चार दिवसांत तिने दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही, आणि भाडं रोज दिलं.

गोदूबाई रोज बाजार आटोपून यायची आणि शेजारच्या खुर्चीत बसून बघायची. मासळीवाल्या बायका दुसऱ्याच्या हाताकडे बघतात ती नजर मी ओळखतो. ती चेहरा बघत नाही. तीन दिवस ती त्या दोन बोटांकडे बघत होती. इतकी गप्प गोदूबाई कुणी पाहिली नसेल, असं अंबिका नंतर म्हणाली.

चौथ्या दिवशी तेविसावी बट बांधून होत असताना हेमालीबेन न राहवून बोलली, ‘सोळाशे भाडं दिलं हिने चार दिवसांत. सहाशेच्या कामासाठी. असा धंदा मी पूरी लाइफमध्ये बघितला नाय.’

गोदूबाईने मान वळवली. ‘कसलं भाडं?’

‘ही खुर्चीचं.’

‘ही बसायचे पैसे देते?’

‘मावशी, सोडा ते,’ अंबिका म्हणाली.

गोदूबाईने सोडलं नाही. पदर खोचला. ‘अंबे, मना सांग. मी पापलेट साफ करायला काय घेते? दुसरीकडनं घेऊन येतात ना लोक मासा, बोलतात, मावशी, मासा आमचा हाय, नुसता साफ करून द्या.’

‘किलोला तीस.’

‘आनि मांदेली?’

अंबिकाचा हात थांबला. मांदेली म्हणजे बोटाएवढी मासळी, बाजारातली स्वस्तातली. किलोत शे-दीडशे भरतात आणि प्रत्येकीचं डोकं वेगळं काढावं लागतं.

‘ऐंशी,’ ती म्हणाली.

‘का गो? पापलेट तर केवडं म्हाग. मांदेलीला कुत्रं न्हाय विचारत.’

अंबिकाने अर्धी बांधलेली बट टॉवेलवर ठेवली.

‘मासा ज्याचा त्याचा. म्हाग असो, सवंग असो, मना काय? मी हाताचे घेते. मासा जितका सवंग तितका हात जास्ती. तुजा बाप जाल्याचे पैसे घ्यायचा का भोकांचे?’

‘भोकांचे.’

‘मग तू रिंगा कसल्या मोजतेस?’

बोर्डावरच्या ‘प्रति’कडे बघायची मला हिंमत झाली नाही. हिनाचे केस मांदेली होते आणि आम्ही त्यांना पापलेटचा दर लावला होता. साफ करायचे पैसे घेतले नाहीत म्हणून साफही केले नाहीत. सगळी भानगड एवढ्यात होती आणि ती समजवायला मासळी बाजार यावा लागला.

‘पण मी सहाशे बोलले, मावशी. तुम्ही बरं बोललात.’

‘ते रिंगांचे. रिंगांचे सहाशेच. निवडायचे येगले. चार दिस, दिसाला सहाशे.’

‘छे! काहीतरीच. दोनशे.’

‘साडेपाचशे.’

‘तीनशे, मावशी. त्याच्या वर मी घेणार नाही.’

‘काय गो, मना भिकारी समजतेस? पाचशे. आनि आता तोंड उघडलंस तर केस हितंच टाकून जाईन.’

हेमालीबेनचं सगळं आयुष्य गिऱ्हाईक दर पाडतं आणि दुकानदार चढवतो, या एका नियमावर गेलं आहे. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. आपण कुणाच्या बाजूने बोलायचं ते तिला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, ‘पाचशे ठीक है,’ आणि गल्ल्यामागे जाऊन बसली.

‘आनि एक ऐक,’ गोदूबाई अंबिकाला म्हणाली. ‘टोपली न उघडता दर सांगत जाऊ नको. तुज्या बापाने धागा चावल्याशिवाय कवा तोंड उघडलं होतं का?’

चोवीस बटा शुक्रवारी सकाळी बसल्या. दोन तास लागले. पक्कडीचा आवाज आणि गोदूबाईचं ‘हलू गो’ सोडलं तर सलूनमध्ये शांतता होती. मग अंबिकाने केस मागे घेतले, पिळले, गुंडाळले, आणि मानेवर अंबाडा बसला. खोटा नव्हता, तिचाच होता; फक्त काही भाग वीस वर्षांपूर्वीचा होता. कुठला आजचा आणि कुठला पिशवीतला, हे मी जवळ जाऊन, चष्मा पुसून बघितलं. मला सांगता आलं नाही. गोदूबाईने आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, हात मागे नेऊन अंबाडा तळव्यावर तोलला, मासा तोलतात तसा.

‘भरला,’ ती म्हणाली. सव्वीसशे रुपये फळीवर ठेवले आणि उरलेली गुंतवळ पिशवीत भरून घेऊन गेली. न जाणो भांडीवाली आली तर.

हळदीत ती चार तास नाचली, अबोलीच्या तीन वेण्या माळून. ही माहिती तिनेच येऊन दिली. पण प्रश्न हळदीचा नव्हता, महिन्याचा होता. हेमालीबेनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला होता. अंबिका त्या गोलाकडे बघायची नाही. बघायची नाही हे मला काचेतून दिसायचं. त्या महिन्यात स्वतःचे केस घेऊन दोन बायका आल्या. तिने दोघींना ‘पुढच्या महिन्यात या’ सांगितलं. एकीचे केस हातात घेऊन नकळत दोन बोटांत घासले, आणि परत दिले.

तिसाव्या दिवशी गोदूबाई बोलावल्याप्रमाणे आली आणि अंबिकाच्या खुर्चीत बसली. हेमालीबेनने अंबाडा स्वतः सोडला. मग ड्रॉवरमधून कंगवा नाही, फणी काढली, बारीक दातांची. पैसे परत देऊन बसलेल्या बाईने जे करायला हवं तेच ती करत होती. अंबिका भिंतीला टेकून उभी होती. हात मागे.

फणी टाळूपाशी लागली आणि खाली निघाली. मानेपर्यंत आली. मानेपाशी हिनाचा कंगवा उभा राहिला होता. हेमालीबेनचा हात किंचित थांबला. फणी थांबली नाही. ती खाली गेली, खांद्यावरून, पाठीवरून, आणि टोकातून बाहेर पडली. फणीत एकही केस नव्हता.

हेमालीबेनने दुसरीकडून लावली. मग आतल्या थरातून. मग खालून वर, जे कुणी करत नाही.

‘काय शोधतेस गो?’ गोदूबाई आरशातून म्हणाली. ‘उवा न्हाईत.’

हेमालीबेनने फणी उजेडात धरून बघितली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दारात येऊन मला म्हणाली, ‘अंकल, बोर्ड नवीन लिहा ना. अंबिकाचा.’ आत वळून, ‘आणि अंबिका, ते दोघींना फोन कर. पुढचा महिना आला.’

अंबिका भिंतीपासून सुटली. खुर्चीमागे आली आणि गोदूबाईचे केस पुन्हा गुंडाळायला लागली. अंबाडा तीनदा सुटला.

बोर्ड मी लिहिला. ‘प्रति’ काढून टाकलं. रिंगेचे पंचवीस तसेच आहेत, पण ती आता बसवणावळ आहे. एकाच डोक्याची कापलेली, न विस्कटलेली वेणी आणली तर तेवढ्यावर भागतं. बाहेरचं पाकीट आणलं तर आधी त्यातले केस तपासून मग निवडणावळ सांगितली जाते. गुंतवळीची निवडणावळ सगळ्यात जास्त आहे, आणि ती पिशवी उघडल्याशिवाय सांगितली जात नाही. लोक वाचतात आणि चक्रावतात, की फुकटातल्या केसांना सगळ्यात जास्त पैसे कसे? अंबिका त्यांना मांदेली विचारते. न खाणारे असतील तर मेथी निवडायला लावते.

योजनेचा अर्ज मागच्या आठवड्यात परत आला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: ‘अर्जदाराने कौशल्याचा कोणताही ग्राह्य पुरावा सादर केलेला नाही. सबब वर्गवारी “अकुशल” कायम ठेवण्यात येत आहे.’ मराठी चांगलं आहे. माझ्या जागी आलेल्याने केलं असावं.

गोदूबाईच्या डोक्यावर चोवीस बटांत मिळून चार हजार पाचशे साठ केस बसवलेले आहेत. त्यातला उलटा एकही नाही.